दोन हजार हापशांचा दाखला

ज्योतीरामला परदेशातलं टेंडर लागलं, ही बातमी कानावर पडली तेव्हा रोहिदास पोहे खात होता. घास घशातच अडकला. तनुजानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि वर म्हणाली, "नाव काढलं बाई ज्योतीरामनं!" ठसका लागलेल्या माणसाला असं काही ऐकवावं का? पण तिला बिचारीला काय ठाऊक, तो ठसका पोह्यांचा नव्हताच.

"कसलं टेंडर?" रोहिदासनं डोळे पुसत विचारलं.

"हापशांचं. मलावी म्हणून देश हाय म्हणं आफ्रिकेत. तिथल्या गावांना पाणी द्यायचंय. पैसा परदेशी बँकेचा आन् हापसे आपल्या ज्योतीरामचे. तीन हजार! तुमच्याच ग्रुपवर आलंय, बघा."

तिनं त्याचाच फोन त्याच्या हातात दिला. उद्योजकांच्या ग्रुपवर फोटो होता. निघोज्यातल्या आपल्या भाड्याच्या गाळ्यासमोर ज्योतीराम उभा, इन केलेला शर्ट, हात कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखे पोटावर बांधलेले. खाली एकशे चौदा जणांनी टाळ्या वाजवल्या होत्या. रोहिदासनं एक अंगठा टाकला. मग तो काढून घेतला. मग काढलेला कुणाला दिसला तर काय, म्हणून परत टाकला. उरलेले पोहे त्यानं खाल्लेच नाहीत.

आता हा रोहिदास कोण, ते सांगायला हवं. कुरुळीचा गाववाला. शेड स्वतःच्या जमिनीत, शेडच्या मागं घर, घरात आई सुभद्राबाई आणि तनुजा. आणि ज्योतीराम? एकोणीस वर्षांपूर्वी औशाकडून एक पिशवी घेऊन याच रोहिदासच्या दारात आला होता, काम मागायला. वेल्डिंग रोहिदासनं शिकवलं. भाकरी सुभद्राबाईनं घातली. दहा-बारा वर्षं तो शेडच्या माळ्यावर राहिला आणि रोहिदासला पहिल्या दिवसापासून 'दादा' म्हणत आला. त्या काळात शेडात हापसे बनायचे. एका मोठ्या ठेकेदाराकडून काम यायचं आणि तो ते जिल्ह्याजिल्ह्यांत पुरवायचा. पुढं ते काम थांबलं, रोहिदास गाड्यांच्या कंपन्यांसाठी ट्रॉल्या बनवायला लागला आणि ज्योतीरामनं निघोज्यात गाळा घेतला. तेव्हा नारळसुद्धा रोहिदासनंच फोडला. मोठ्या मनानं फोडला, खोटं कशाला बोला. जवळचा माणूस आपल्यापेक्षा लहान असतो तोवर मन मोठं ठेवायला काय लागतं?

पण गेल्या दिवाळीपासून ट्रॉल्यांचं काम आटलं होतं. पाचातल्या तीन मशिनींवर प्लास्टिक टाकून ठेवलेलं. आणि नेमक्या अशा दिवसांत ज्योतीरामला तीन हजार हापसे!

सगळ्यात जास्त कशानं जळत होतं सांगू? ही संधी रोहिदासच्या पुढ्यातही आली होती. वर्षापूर्वी उद्योजक संघटनेच्या हॉलमध्ये पुण्याचे एक सल्लागार आले होते, निरंजन नावाचे. परदेशी विकास प्रकल्पांत आपल्यासारख्या लहान कारखानदारांना काय काय पुरवता येतं, सल्लागार म्हणून कुणाला जाता येतं, टेंडर कुठं बघायचं, कागद कसे भरायचे, असं दिवसभराचं शिबिर. ज्योतीराम पहिल्या रांगेत, शंभर पानी वही घेऊन. रोहिदास शेवटच्या रांगेत, हिंदुरावशेजारी. हिंदुरावाची शेड चाकणच्या रस्त्याला, धंदा तोच. "हे समदं आधीच ठरल्यालं असतंय राव," रोहिदास त्याच्या कानात म्हणाला, "आपल्याला नुसतं टाळ्या वाजवाया बोलावलंय." मधल्या सुट्टीत त्यानं दोन समोसे खाल्ले, चहा प्याला आणि तो निघून आला. हिंदुराव मात्र बसला. ज्योतीराम तर वही भरेपर्यंत बसला.

त्यानंतर चार महिन्यांनी ज्योतीराम शेडवर आला होता, हातात दोन कागद घेऊन.

"दादा, एक दाखला पायजे होता. तुमच्याकडं असताना मी किती हापसे बनवले त्याचा. मी जुन्या वहीवरनं मोजले. सहाशे चाळीस भरतात बगा."

रोहिदास हसला. अगदी पोट हलवून हसला. "सहाशे चाळीस? आरं, परदेशी लोक हसतील. दोन हजार लिही!"

"पर दादा..."

"पर न्हाई आन् बिर न्हाई. आपल्या लेटरहेडला काय कुणी इचारतंय व्हय?"

आणि यात रोहिदासचं फार काही चुकलं असं त्याला तरी वाटायचं कारण नव्हतं. भोसरीपासून चाकणपर्यंत हे असंच चालतं. अनुभवाचा दाखला मागितला की देणारा आकडा फुगवून देतो. नेमका आकडा लिहिणारा माणूस कंजूष ठरतो. रोहिदासनं चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून दाखला पुन्हा टाइप करून आणला, दोन प्रती काढल्या, दोन्हींवर झोकात सही ठोकली. एक ज्योतीरामला दिली, दुसरी पंचिंग मशीनमध्ये घालून आपल्या फाइलला लावली. रोहिदासच्या शेडातला प्रत्येक कागद फाइलला लागायचा, ती त्याच्या वडिलांची शिस्त.

"आन् ह्यो दुसरा कागद कशाचा?"

"त्यात तुमचं नाव टाकलंय दादा. मी काय म्हनलालो, ऐका तर..."

"टाक की माझं नाव, फुकटचं हाय!" म्हणत रोहिदासनं तोही इंग्रजी कागद न वाचता सही करून परत दिला. तेवढ्यात कंपनीचा फोन आला. ज्योतीराम थोडा वेळ थांबला, मग पाया पडून गेला.

बरं. तर आता त्याच ज्योतीरामला टेंडर लागलं होतं आणि रोहिदासच्या अंगाचा तिळपापड झाला होता. कुरुळीहून चाकणला जायचं तर निघोज्यात शिरायची गरज नाही, तरी हा रोज गाडी तिकडं वळवायचा. गाळ्यावर नवीन बोर्ड लागला होता. बोर्ड बघून पोटात दुखायचं. ज्योतीराम अजून त्याच जुन्या मोटारसायकलवर फिरतो हे बघून तर जास्तच दुखायचं. लेकानं निदान एखादी गाडी तरी घ्यावी, म्हणजे 'माजला' असं तरी म्हणता आलं असतं!

घरी आई होतीच. "आपल्या हातचं जेवल्यालं पोर रं," सुभद्राबाई येईल त्याला सांगत होती, "परदेशाला पाणी पाजणार." ज्योतीराम पेढे घेऊन आला तेव्हा रोहिदास आतल्या खोलीत जाऊन बसला आणि तनुजाला म्हणाला, "सांग, घरी न्हाईत." दोन दिवसांनी तो परत आला. तेव्हाही घरी न्हाईत. "दादांशी बोलायचं होतं वैनी, महत्त्वाचं हाय," तो उंबऱ्यातून म्हणत होता आणि रोहिदास दाराआडून ऐकत होता. महत्त्वाचं म्हणजे काय, मिरवायचं असणार! फोन आला, उचलला नाही. पेढ्यांचा डबा मात्र फ्रिजवर होता आणि येताजाता डोळ्यांत खुपत होता.

हेवा वाटतोय हे रोहिदासला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. आपण ज्याला इलेक्ट्रोड धरायला शिकवला, तो पुढं गेला याचा आनंद व्हायला हवा, हेही कळत होतं. पण आनंद काही होत नव्हता. छातीत नुसती आग.

अशातच ग्रुपवर निरंजनरावांचा मेसेज आला. टेंडरमध्ये ज्योतीरामचे सल्लागार तेच होते. त्यांनी लिहिलं होतं, 'निवडीची सूचना आली आहे, अजून करार झालेला नाही. दहा दिवस हरकतींसाठी असतात. त्यात कुणाची तक्रार आली नाही तर सही होईल. सगळ्यांच्या शुभेच्छा असू द्या.'

दहा दिवस. रोहिदासनं तो मेसेज चारदा वाचला. मग उठून कपाटातली फाइल काढली. तो दाखला तिथंच होता. सहाशे चाळीसचे दोन हजार. आकडा खोटा, आणि तो खोटा आहे हे जगात फक्त दोघांना माहीत.

तीन दिवस त्यानं स्वतःला आवरलं, एवढं त्याच्या पदरात टाकायला हवं. चौथ्या दिवशी सुभद्राबाई म्हणाली, "रोहिदास, तू बी ज्योतीरामसारखं कायतरी बघ की रं," आणि संपलं. दुपारी फाइल डिकीत घालून तो थेट थेरगावला गेला. चाकणला, भोसरीला ओळखीचं कुणी भेटलं असतं. डांगे चौकात ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एक दुकान होतं, विजयश्री नावाची बाई चालवायची. तिथं पॅन कार्डवाल्यांच्या रांगेत रोहिदास अर्धा तास उभा राहिला.

"तक्रार करायचीय," तो हळूच म्हणाला. "परदेशी बँकेकडं. नाव घालायचं न्हाई."

विजयश्रीनं शोधून पान उघडलं. कुणीही, नाव न देता तक्रार करू शकतो, असं तिथं लिहिलेलंच होतं. रोहिदास मराठीत सांगत गेला, ती इंग्रजीत लिहीत गेली. निवड झालेल्या माणसानं खोटा दाखला लावलाय. दोन हजार हापशांचा. प्रत्यक्षात सहाशे चाळीसच बनवलेले. पुरावा सोबत. तिनं दाखला फाइलीतून सोडवून स्कॅनरवर ठेवला, मग जरा थांबली.

"काका, ज्यांनी हा दाखला दिलाय, त्यांना काही नाही ना होणार?"

"देणाऱ्याला काय व्हतंय? त्यानं माणुसकीनं दिला. लावणाऱ्यानं इचार कराया नको?"

आमच्याकडं तसंच असतं, हे खरं. दाखला खोटा निघाला तर लावणारा बाद होतो, देणारा चहा पीत बसतो. रोहिदासनं आयुष्यभर हेच बघितलं होतं. विजयश्रीनं बटण दाबलं. तो बाहेर आला, उसाचा रस प्याला आणि कित्येक दिवसांनी त्याला बरं वाटलं. चिंचवडपर्यंत बरं वाटत होतं. पुढं भोसरीच्या सिग्नलला थांबल्यावर एकाएकी ज्योतीरामचे ते पोटावर बांधलेले हात आठवले. त्यानं हॉर्न वाजवला. पुढं कुणी नव्हतं, तरी वाजवला.

हरकतींच्या दहातल्या नवव्या दिवशी सकाळी अकराला शेडसमोर पांढरी गाडी थांबली. तिच्यातून निरंजनराव उतरले, एक चष्म्यातल्या मॅडम उतरल्या आणि मागून ज्योतीराम. चेहरा रोहिदासनं तयारच ठेवला होता. आपल्याला साक्षीला विचारतील. आपण मान खाली घालून म्हणायचं, पोरगं चुकलं मॅडम, जाऊ द्या, गरीब हाय. म्हणजे काम तर जाईल आणि आपण मोठे ते मोठेच राहू.

"दादा, सापडलाव एकदाचे!" ज्योतीराम आल्या आल्या पायाला वाकला. "किती फेऱ्या मारल्या तुमच्याकडं!"

निरंजनरावांनी ओळख करून दिली. हापसे घेणाऱ्यांच्या वतीनं या मॅडम सगळं तपासायला आल्या होत्या. मूळच्या नागपूरच्या. बसायला खुर्ची दिली तरी त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी हापशाच्या डोक्याचं फिक्श्चर दाखवा."

रोहिदास गोंधळला. डोकं म्हणजे हापशाचा वरचा भाग, ज्याला दांडा बसतो. ते जोडायचा लोखंडी साचा, म्हणजे फिक्श्चर, कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून होता. ज्योतीरामनंच जाऊन गोणपाट काढलं. मॅडमनी साचा हातानं चाचपला, फोटो काढले, प्लास्टिकखालच्या मशिनी बघितल्या. "दहा महिन्यांत तीन हजार डोकी होतील इथं?"

"कुठली डोकी?" रोहिदासनं विचारलं.

"हेच तर सांगायला येत होतो दादा!" ज्योतीरामचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. "डोकी तुमच्या शेडात व्हायची. समदी. डोक्याचं काम तुमच्यासारखं कुनाला येतंय? त्या दिवशी दुसऱ्या कागदावर सही नव्हती का केली तुमी? त्यात तुमचंच नाव हाय. माझा जोडीदार पुरवठादार म्हनून."

मॅडमनी फाइल उघडून कागद पुढं धरला. खाली रोहिदासची सही. तीच, झोकात मारलेली.

दहा महिन्यांचं काम. पाचही मशिनी चालल्या असत्या. अरे देवा, रोहिदास मनात म्हणाला.

"आता दुसरी गोष्ट," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज तसाच होता, चढला नाही की उतरला नाही. "बँकेकडून आमच्याकडे एक निनावी तक्रार आली आहे. सोबत हा दाखला." त्यांनी छापलेला कागद टेबलावर ठेवला. "ज्योतीराम, तुमच्या टेंडरमध्ये हा नाही. तुम्ही सहाशे चाळीसच लिहिलेत, जुन्या वहीच्या पानांसकट."

"हो मॅडम. अट पाचशेचीच होती. आन् हा दाखला दादांनी मायेनं दिल्ता, पर आकडा खरा नव्हता. म्हनून नाही लावला. घरी कपाटात हाय."

"मग आमच्याकडे कसा आला?"

सगळे टेबलावरच्या कागदाकडं बघत होते. दाखल्याच्या डाव्या कडेला दोन काळे गोल ठिपके उमटले होते, एकाखाली एक. फाइलला लावायची भोकं. ज्योतीरामकडच्या प्रतीला ती नव्हती. दहा-बारा वर्षं त्या शेडात राहून ज्योतीरामनं असे हजार कागद स्वतःच्या हातानं पंच केले होते. त्याचं बोट ठिपक्यांपाशी गेलं, थांबलं आणि मागं आलं. मग त्यानं रोहिदासकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राहिला, ओळखीच्या घराचं दार चुकलेल्या माणसासारखा.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "माझ्याच घरातनं गेला असंल. कुनीतरी नेला असंल. दादांचा काय संबंध नाही."

रोहिदासनं तोंड उघडलं. बोलायचं होतं, शप्पथ बोलायचं होतं. पण जीभ उचलली नाही. ज्याचं वाईट करायला गेलो तोच पांघरूण घालतोय, आणि तेही चार लोकांसमोर, हे काय सोसण्यासारखं असतं?

"कुणी पाठवला हे मी विचारत नाही," मॅडम म्हणाल्या. "सही कुणाची, एवढंच विचारते."

"माझी," रोहिदास म्हणाला. "आमच्याकडं... देत्यात असं. माणुसकी म्हणून."

"माणुसकी कळते हो मला. पण इथं खोटा कागद लावणारा आणि देणारा, दोघंही सारखेच. तुमचं नाव या कामात राहू शकत नाही. पुढं काय करायचं ते वरचे ठरवतील."

निरंजनरावांनी चष्मा पुसला. "त्या दिवशी सुट्टीनंतर मी पहिलं वाक्य हेच सांगितलं होतं. तुम्ही होतात ना शिबिराला?"

"व्हतो," रोहिदास म्हणाला. "समोशापर्यंत."

मॅडमनी पेन ज्योतीरामपुढं केलं. नाव त्यानंच घातलं होतं, तेव्हा खोडायचंही त्यालाच होतं. त्यानं पेन हातात घेतलं, कागदावर टेकवलं, बराच वेळ तसंच धरलं. मग रोहिदासच्या नावावरून एक रेघ ओढली आणि शेजारी छोटी सही केली.

"डोक्यांसाठी दुसरं कोण?" मॅडमनी विचारलं.

"हिंदुराव आहेत," निरंजनराव म्हणाले. "जवळच आहेत, आणि शिबिराला शेवटपर्यंत बसले होते."

आता तुम्हाला वाटेल, त्या घडीला रोहिदासला पश्चात्ताप झाला असेल. तोही झाला, पण नंतर. आधी काय आलं मनात, ते सांगतो, कारण खोटं सांगून काय उपयोग? आधी आलं ते हे, की आता हिंदुरावाची शेड चालणार. छातीत तीच जुनी आग भस्सकन पेटली, आणि मग त्याची त्यालाच किळस आली.

मॅडम आणि निरंजनराव गाडीकडं गेले. ज्योतीराम मागं राहिला. त्यानं साच्यावर गोणपाट परत नीट पांघरलं, कोपरे आत खोचले, हात पँटला पुसले. रोहिदास वाट बघत होता. शिवी देईल, भांडेल, विचारेल तरी, का केलंत म्हणून. विचारलं असतं तर रोहिदास रडला असता आणि सगळं सांगितलं असतं. ज्योतीराम दारापर्यंत गेला, वळला. पायाला वाकला नाही.

"येतो, शेठ," तो म्हणाला आणि गेला.

गाडीचा आवाज ऐकून तनुजा चहाचा ट्रे घेऊन घरातून लगबगीनं आली. चार कप आणि बशीत ज्योतीरामनंच आणलेले पेढे. रिकाम्या शेडकडं बघून ती खट्टू झाली.

"गेले पण? चहा तरी घ्यायचा व्हता. काय म्हणाला ओ ज्योतीराम?"

"काय न्हाई," रोहिदास म्हणाला. "येतो म्हणाला."

"येतो दादा, म्हणाला आसंल," तनुजा हसून म्हणाली. "दादाबिगर त्याचं वाक्य तरी पुरं व्हतंय का!"

रोहिदासनं ट्रेमधला कप उचलला आणि तसाच परत ठेवला.